'प्रतिकारक' हा माझा शब्द

मी बुरशीत नोकरी करते असं सांगितलं की लोक आधी हसतात. दापोडीत आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी तर मला लोणच्याची बरणी आणून दाखवली होती आणि विचारलं होतं, की वरचा थर काढून खालचं खाल्लं तर चालेल का. मी चालणार नाही म्हटलं. त्यांनी खाल्लं आणि त्यांना काही झालं नाही. तेव्हापासून गल्लीत माझ्या शिक्षणाबद्दल थोडी शंकाच आहे.

पिंपरीतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी संशोधक म्हणून काम करते. बुरशीवरचं एक नवं औषध आमच्याकडे आलेलं आहे. त्याला अजून नाव नाही, नुसता क्रमांक आहे. औषध बनवणारे दुसरे. आमचं काम त्याची चाचणी बसवायचं. एखाद्या रुग्णाच्या रक्तातून निघालेल्या बुरशीवर हे औषध चालेल की नाही हे कसं ओळखायचं, किती तासांनी बघायचं, कशाला चाललं म्हणायचं आणि कशाला नाही, याची रीत ठरवायची. उद्या हे औषध बाजारात आलं तर नांदेडच्या आणि नागपूरच्या प्रयोगशाळेला एकाच बुरशीचं एकच उत्तर मिळायला हवं, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

तळहाताएवढी प्लॅस्टिकची प्लेट असते आणि तिच्यात शहाण्णव खळगे. ओळीतल्या पहिल्या खळग्यात औषध सगळ्यात जास्त, पुढच्यात निम्मं, त्याच्या पुढच्यात त्याच्याही निम्मं. सगळ्यांत सारखी बुरशी सोडायची, चोवीस तास उबेत ठेवायची, आणि मग खाली आरसा धरून बघायचं, की पाणी कुठपर्यंत नितळ राहिलं आणि कुठून गढुळलं. ऐकायला सोपं आहे. पण काही बुरशा औषधाने मरतही नाहीत आणि धड वाढतही नाहीत, खळग्यामागून खळग्यात नुसता धुरकटपणा राहतो. त्याला आम्ही आपसांत शेपूट म्हणतो. शेपूट मोजायचं की सोडायचं यावर आमच्या सरांनी आणि मी मिळून इतके वाद घातलेत की बाहेरच्याला वाटावं जमिनीची वाटणी चालू आहे. यंत्रही प्लेट वाचतं, पण शेपटाच्या बाबतीत शेवटी डोळा लागतो. माझे वडील एका इंजिनिअरिंग कंपनीत तपासणी खात्यात होते. तयार झालेला भाग हातात घेऊन तो पास की रिजेक्ट हे ठरवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. डोळा बसायला वर्ष लागतं, असं ते म्हणायचे. माझा सहा महिन्यांत बसला, आणि याचा मला भारी अभिमान होता.

तो अभिमान मी इथे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते डोळ्यामुळे नाही झालं. प्लेट मी बरोबर वाचली होती.

चाचणी बसवायची तर खऱ्या रुग्णांच्या बुरशा हव्यात. त्या आवारातल्याच रुग्णालयातून येत. त्यासाठी रुग्णाची किंवा घरच्यांची संमती लागते आणि संमतीसाठी मराठीत माहितीपत्रक लागतं. सर म्हणाले, "तुमचं मराठी चांगलं आहे, तुम्हीच लिहा." मी महापालिकेच्या शाळेत मराठीतून शिकले. कॉलेजात गेल्यापासून ही गोष्ट मी शक्यतो झाकूनच ठेवत आले होते. पहिल्यांदाच कुणीतरी ती मागून घेत होतं, त्यामुळे मी हुरूपाने लिहायला बसले.

नैतिकता समितीपुढे ते पत्रक गेलं तेव्हा 'बुरशी' या शब्दावर अर्धा तास खल झाला. एका सदस्यांना 'कवक' हवं होतं. बुरशी हा शब्द पावाचा, लोणच्याचा, विद्यापीठाच्या कागदावर तो शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हटले नाही. आयसीयूच्या दाराशी बसलेल्या माणसाला कवक म्हणजे काय ते मी समजावणार का तुम्ही, असं मी विचारलं. बुरशी राहिली. मी जिंकून बाहेर आले आणि सरांना चहा पाजला.

समितीची आणखी एक अट होती. घरच्यांनी मागितला तर चाचणीचा निकाल त्यांना मराठीत, एका कागदावर द्यायचा. खाली ठळक अक्षरांत लिहायचं की हा निकाल संशोधनापुरता आहे, उपचारांविषयी डॉक्टरांशी बोलावं. त्या कागदाचा नमुनाही मीच केला. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे निकाल. बुरशी औषधाने मरत असेल तर 'संवेदनशील' आणि मरत नसेल तर 'प्रतिकारक'. हे शब्द मी परिभाषेच्या पुस्तकातून घेतले. 'प्रतिरोधक' असाही एक पर्याय होता, पण तो मला पावसाळी चपलांच्या जाहिरातीतला वाटला. 'प्रतिकारक' मला आवडला. स्वच्छ आणि भारदस्त. समितीत त्यावर कुणी एक अक्षर काढलं नाही. सगळा जोर बुरशीवरच खर्च झाला होता.

त्या बाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या संमतीच्या कागदासाठी. मूळच्या लातूर जिल्ह्यातल्या, आता कासारवाडीला स्टेशनजवळ एका खोलीत राहणाऱ्या. नवरा चाकणला एका कंपनीत कंत्राटावर फोर्कलिफ्ट चालवायचा. साखर होती, तिच्याकडे दोघांनीही काणाडोळा केलेला. पोटात दुखतंय म्हणून आठवडाभर गोळ्या खाऊन शिफ्ट केल्या आणि मग आतडं फुटल्याचं कळलं. शस्त्रक्रिया झाली, आयसीयूत मुक्काम लांबला आणि तिथे रक्तात बुरशी निघाली. माणूस शुद्धीवर होता, थोडंथोडं बोलत होता, पण ताप हटत नव्हता.

मी पत्रक वाचून दाखवत होते. बाईंनी मध्येच थांबवलं.

"मॅडम, मला येवढंच सांगा. ह्या टेस्टमधून कळंल का, पोरीला बोलवावं का न्हाई?"

मुलगी एकुलती एक. लातूरला मामाकडे राहून बारावी सायन्स करत होती आणि परीक्षा सुरू होती. दोन पेपर राहिले होते, केमिस्ट्री आणि बायोलॉजी. वडील आजारी आहेत एवढं तिला माहीत होतं, किती ते नव्हतं. बोलवावी तर वर्ष जातं. न बोलवावी आणि काही बरंवाईट झालं तर जन्माचं राहून जातं. डॉक्टरांना विचारलं की ते म्हणत, आत्ताच काही सांगता येत नाही. ते खरंच होतं, पण बाईंना त्यावर तिकीट काढता येत नव्हतं.

मी म्हटलं, "ताई, ही टेस्ट त्यासाठी नाही. ही औषधाची परीक्षा आहे."

"पर कागद देणार ना तुमी?"

"मागितलात तर देऊ."

"मग मागते की," त्या म्हणाल्या आणि सही केली.

सोमवारी निकाल तयार झाला. प्लेटमध्ये इतकं स्पष्ट चित्र क्वचित दिसतं. बाईंच्या नवऱ्याला जे औषध सलाईनमधून चालू होतं त्याच्या ओळीतले खळगे पहिल्यापासून शेवटपर्यंत गढूळ होते. दुसऱ्या एका नेहमीच्या औषधाचंही तेच. फक्त आमच्या नाव नसलेल्या औषधाची ओळ नितळ होती. सरांनी आणि मी वेगवेगळं वाचलं आणि उत्तर एकच आलं. सरांनी लगेच फोन करून आयसीयूच्या डॉक्टरांना सांगितलं. रुग्णालयाच्या स्वतःच्या प्रयोगशाळेनेही तेच कळवलं होतं, आणि त्याच दिवशी औषध बदलून किडनीला जड जाणारं एक जुनं औषध सुरू झालं. इथवर सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं.

दुपारी बाई कागद मागायला आल्या. मी काढून दिला. त्यांनी तो उभ्याउभ्या, ओठ हलवत वाचला. पहिल्या ओळीपुढे 'प्रतिकारक', दुसरीपुढे 'प्रतिकारक', तिसरीपुढे 'संवेदनशील'.

तिसऱ्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "हे येकच संवेदनशील लिव्हलंय. काळजीचं हाय का?"

माझ्या हातात दुसऱ्या रुग्णाची प्लेट होती, तिचे चोवीस तास भरत आले होते. मी म्हटलं, "नाही नाही, ते चांगलंय."

"म्हंजी समदंच चांगलं?"

हा प्रश्न मी ऐकला की नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मला वाटतं मी "डॉक्टर सांगतील" असं म्हणाले. म्हणाले असेन. बाई हसल्या, कागदाची चौघडी घालून पिशवीत ठेवली आणि गेल्या. मला वाटलं, स्वभावाने गोड आहेत.

बुधवारी त्या डबा घेऊन आल्या. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि वेगळ्या पुडीत कांदा. "पंधरा दिस झाले, गॅसवर तवाच ठिवला न्हवता," त्या म्हणाल्या. "आज ठिवला. तुमी समदे खा." प्रयोगशाळेत खाता येत नाही म्हणून आम्ही शेजारच्या खोलीत बसलो आणि खाल्लं. चांगले खरपूस होते. मी दोन खाल्ले. अशा दिवसांत ही बाई स्वयंपाक का करतेय, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. लोक प्रेमळ असतात, असंच काहीतरी मी मनात म्हटलं असेन.

हात धुऊन मी प्लेट आणायला निघाले तेव्हा त्या व्हरांड्यातल्या बाकावर फोनवर बोलत होत्या. पलीकडे मुलगी होती.

"आगं न्हाई, तसं काई न्हाई. पप्पांची प्रतिकारशक्ती लई वाढलीय. दोन-दोन औषधांची प्रतिकारशक्ती आलीय. लॅबमदल्या मॅडमनी लिहून दिलंय, सही हाय त्येच्यावर. बोलायलेत आता, रोज विचारायलेत पोरगी कवा येती म्हणून. म्या सांगितलं, पेपर झाले की. तू घाबरू नको, पेपर दे. मंग ये निवांत."

मी दाराच्या चौकटीत उभी होते. बाईंनी मला पाहिलं आणि फोनवर बोलताबोलताच मान हलवून हसल्या. मीही हसले.

मग मी आत गेले.

ते चार पावलांचं अंतर होतं. बाकापाशी जाऊन, ताई, फोन ठेवू नका, त्या शब्दाचा अर्थ उलटा आहे, एवढंच म्हणायचं होतं. प्रतिकार तुमच्या माणसाचा नाही, बुरशीचा आहे. नेहमीची दोन्ही औषधं चालत नाहीत. मुलीला आज रात्रीच्या गाडीत बसवा. मला हे सगळं त्या क्षणी कळलं होतं, एकही भाग नंतर कळला असं नाही. आणि तरी मी आत जाऊन प्लेट उबेतून काढली आणि आरसा पुसला. निकाल समजावून सांगायचा अधिकार डॉक्टरांचा आहे, आमचा नाही, हा नियम मला त्या वेळी फार कामाला आला. नियम खराच आहे. पण मी तो पाळला नाही, मी त्याच्या आड लपले. आनंदात असलेल्या बाईचं तोंड उतरताना बघायचं माझ्यात धैर्य नव्हतं, तेही तिच्या हातचं खाऊन हात धुतल्यावर लगेच.

संध्याकाळी मी सरांना मोघम विचारलं, "निकालाच्या कागदाचा घरच्यांनी चुकीचा अर्थ घेतला तर?" सर म्हणाले, "डॉक्टरांना निकाल गेलेला आहे, ते बोलतातच घरच्यांशी." सरांचं काही चुकलं नाही. मी त्यांना बाईंचा फोन सांगितलाच नव्हता. मला हवं ते उत्तर मिळेल असाच प्रश्न मी विचारला होता. ते मिळालं आणि मी रहाटणीला घरी जाऊन भाजी निवडली.

डॉक्टर बोलले होते, हे मला नंतर कळलं. औषध बदलतोय, रिस्पॉन्स कमी आहे, किडनीवर लक्ष ठेवावं लागेल, असं त्यांनी बाईंना सांगितलं होतं. बाईंनी मान डोलावली होती. त्यांच्याकडे माझ्या सहीचा कागद होता, आणि डॉक्टर काय, नेहमीच घाबरवतात.

गुरुवारी सकाळी लातूरला मुलीने केमिस्ट्रीचा पेपर दिला. गुरुवारी संध्याकाळी इथे वडिलांना व्हेंटिलेटरवर घेतलं. शुक्रवारी दुपारी ते गेले. मुलगी रात्रीच्या एसटीने निघाली आणि शनिवारी सकाळी वल्लभनगरच्या स्टँडवर उतरली. बायोलॉजीचा पेपर तिने दिलाच नाही. तेल गेलं, तूपही गेलं. मला हे सोमवारी कळलं, रुग्णांच्या यादीत त्यांच्या क्रमांकापुढे एक छोटी नोंद आली तेव्हा. मी भेटायला गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते?

पुढच्या रविवारी मी तो नमुना, नाव न घालता तेच तीन निकाल भरून, दापोडीला आईवडिलांकडे घेऊन गेले. वडील खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी म्हटलं, "एका पेशंटचा निकाल आहे असं समजा. वाचून काय वाटतं सांगा." मला खरं तर निर्दोष सुटायचं होतं. बाई कमी शिकलेल्या होत्या, त्यांनी चुकीचं वाचलं, शहाण्या माणसाने बरोबर वाचलं असतं, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. वडिलांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं.

"बरंय की. दोन ठिकाणी प्रतिकार आहे म्हणजे माणूस तगडा आहे."

आई भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाली, "आणि ते तिसरं काय, संवेदनशील? तेवढं नाजूक दिसतंय."

मी त्यांना खरा अर्थ सांगितला. वडिलांनी चष्मा काढला.

"हा कागद कुणाला दिलास का?"

"दिला."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "औषध लागू पडत नाही, असं लिहायचं. रोज बोलतो की आपण."

खरंच रोज बोलतो. वैद्याचं औषध लागू पडलं, डॉक्टर बदलला पण काही लागू पडेना, हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलं आणि बोलले असेन. लिहायला बसल्यावर ते मला आठवलंच नाही. आठवलं असतं तरी मी लिहिलं नसतं, कारण ते मला विद्यापीठाच्या कागदावर शोभणारं वाटलं नसतं. कवकवाल्या सदस्यांना मी हसले होते ना.

नवा नमुना केला. 'लागू पडते', 'लागू पडत नाही'. समितीकडे पाठवताना बदलाचं कारण लिहायचा एक रकाना असतो. मी लिहिलं, 'भाषा सुलभ करण्यासाठी'. कुणी काही विचारलं नाही, पहिल्याच बैठकीत मंजूर झालं. त्या रकान्यात खरं कारण लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. ही माझी दुसरी गप्प बसण्याची वेळ, आणि हिला प्लेटचीही सबब नव्हती.

बाईंच्या नवऱ्याच्या रक्तातली बुरशी आमच्याकडे उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये आहे. तिचं उत्तर दर वेळी सारखं येतं, म्हणून सरांनी ती तुलनेसाठी ठेवली. दर मंगळवारी नवीन बुरशांबरोबर तिची एक ओळ लावायची, म्हणजे त्या दिवशी चाचणी नीट झाली की नाही ते कळतं. दोन ओळी गढूळ आणि आमच्या औषधाची नितळ, शेपूट सुद्धा नाही. ते औषध माणसाला द्यायला अजून परवानगी नाही, तेव्हाही नव्हती. त्यामुळे मी वेळेत बोलले असते तर ते वाचले असते असं कुणी म्हणू शकत नाही, आणि मीही म्हणत नाही. वाचवायची गोष्टच नव्हती. मुलीला दोन रात्री आधी गाडीत बसवायची गोष्ट होती.

जूनमध्ये बाई परत आल्या.

मी व्हरांड्यात त्यांना पाहिलं. बाई वाळल्या होत्या. भोसरीला एका पॅकिंगच्या कंपनीत लागले, म्हणाल्या, आज सुट्टी टाकून आले. मी पाणी दिलं. त्यांनी ते शेजारी ठेवलं.

"मॅडम, तो कागद परत मिळंल का? तुमी दिल्याला. फाईल दिरानं गावाकडं नेली, आन् देईना झालाय."

"कशाला हवाय ताई?"

"पोरीला दावायचाय. बोलत न्हाई माज्याशी. फोन उचलती, हं म्हणती, ठिवती. भावकी म्हणायलीय, आईनंच पोरीला भेटू दिलं न्हाई. तिला पन तसंच वाटायलंय." त्यांनी पदर सारखा केला. "म्या काय मनानं केलं का? तुमी लिहून दिलंवतं, प्रतिकारशक्ती वाढली म्हणून. सही-शिक्क्याचा द्या, म्हंजी तिला पटंल. तिचं सायन्स हाय, तिला वाचता येतं."

तिला वाचता येतं, हेच तर. तो कागद मुलीच्या हातात पडला असता तर तिने एका नजरेत ओळखलं असतं, की आईने सगळं उलटं वाचलं. पुरावा म्हणून नेलेला कागद बाईंच्याच अंगावर आला असता. नियमाप्रमाणे दुसरी प्रत देता येत नाही, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. असा नियम नाहीये. तरी वाक्य तयार होतं, इतकी मला सवय झाली होती.

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि सांगितलं. प्रतिकारक म्हणजे काय, संवेदनशील म्हणजे काय, आणि ते शब्द कुणी निवडले. माझे आईवडीलही तो कागद वाचून फसले, हे सांगितलं. चूक तुमची नाही, शब्द माझा होता, असं दोनदा म्हणाले.

बाई माझ्याकडे न बघता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजी वाढलं ते बुरशीचं वाढलं."

"हो."

"आन् म्या धपाटे केले."

 माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्याचीही मला लाज वाटली, कारण रडायचा हक्क तिथे माझा नव्हता.

"तुमी त्या दिवशी हितंच हुतात," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "म्या पोरीशी बोलत हुते तवा. दारात."

"हो."

"ऐकलं हुतं तुमी?"

"ऐकलं होतं."

"समदं?"

"सगळं ऐकलं होतं, ताई. कळलंही होतं. मी बोलले नाही."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि पलीकडून हं ऐकू येताच फोन माझ्या हातात दिला. "तिला सांगा. मला न्हाई सांगायचं."

मुलीचा आवाज लहान होता, पण बोलणं नीटस, शाळेतल्या पुस्तकासारखं. कोण बोलतंय, तिने विचारलं. मी कोण ते सांगितलं. मग कागदाचं सांगितलं. ती मध्ये एकदाच म्हणाली, "रेझिस्टन्ट?" मी हो म्हटलं. तुझ्या आईने तुला खोटं सांगितलं नाही, जे लिहून मिळालं तेच सांगितलं, असं म्हणाले. आणि मग तेही सांगितलं, की बुधवारी मी दारात उभी होते, मला सगळं कळलं होतं आणि मी आत निघून गेले.

 तिच्या मागे कुठेतरी मिक्सर चालू होता, मामीचा असेल.

"बुधवारी पप्पा बोलत होते का?" तिने विचारलं.

मी बाईंकडे पाहिलं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "गुरुवारी दुपारपर्यंत बोलत होते."

मिक्सर थांबला. ती रडत होती की नाही, मला ऐकू आलं नाही. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"आईला द्या," ती म्हणाली.